रीफ टँकमध्ये क्लॅम बसवताना: जागा, पाय आणि उजेड

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, आणलेला नवा क्लॅम (ट्रायडॅक्ना गटातला दोन शिंपल्यांचा प्राणी) पहिल्या महिन्यात गेला की दोष पाण्याला दिला जातो. कॅल्शियम तपासलं जातं, मीठ बदललं जातं. प्रत्यक्षात घात बहुतेक वेळा हाताळणीत झालेला असतो. कधी दुकानात खडकावरून ओढून काढताना पाय (बुडाच्या भोकातून निघणारा, खडक धरणारा मांसल अवयव) मुळाशी फाटलेला असतो, तर कधी घरी आल्यावर ‘इथे नको, तिथे बरा दिसेल’ म्हणत आठवड्यात तीनदा जागा बदललेली असते. एकदा नीट रुळलेला क्लॅम मात्र चिवट असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून पाण्याच्या आकड्यांपेक्षा जागेवर आणि पायावर इथे जास्त लिहिलं आहे.

कोणता क्लॅम कुठे बसतो

क्रोशिया हा ट्रायडॅक्ना गटातला सर्वांत लहान, साधारण १५ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा. निसर्गात तो खडक कोरून अर्धाअधिक आत बसतो, उथळ पाण्यात आणि कडक उन्हात. मॅक्सिमा ३० सेंटीमीटरच्या आसपास जातो आणि खडकावर घट्ट धरून राहतो. या दोघांना खडक हवा आणि भरपूर उजेड हवा. थेंबांसारखे ठिपके असलेला ‘टीअरड्रॉप मॅक्सिमा’ म्हणून विकला जाणारा क्लॅम बहुधा नोए असतो. २०१४ मध्ये त्याला पुन्हा वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली, पण त्याची निगा मॅक्सिमासारखीच राखायची.

स्क्वामोसाच्या शिंपल्यावर कौलांसारख्या उभ्या खवल्या असतात आणि तो ४० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. डेरासाचा शिंपला गुळगुळीत आणि जड. तो अर्ध्या मीटरच्या पुढेही जातो. हे दोघे लहानपणी पायातून निघणाऱ्या धाग्यांनी चिकटतात. डेरासा मोठा झाला की धागे सोडून नुसत्या वजनावर बसतो. दोघांना वाळू चालते आणि उजेडही थोडा कमी पुरतो. गिगास मीटरभराहून मोठा होतो, त्यामुळे छोटं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी तो घरच्या टाकीचा प्राणी नाही.

पहिलाच क्लॅम असेल आणि टाकी ३०० लिटरच्या वर, रुंद बुडाची असेल, तर डेरासा घ्या. त्याची चूक पोटात घालण्याची ताकद सगळ्यांत जास्त. टाकी लहान असेल तर ७-८ सेंटीमीटरचा मॅक्सिमा बरा. क्रोशियाचा निळा-जांभळा रंग भुरळ घालतो, पण तो शेवटी आणावा: समुद्रातून आणलेला क्रोशिया खडकातून छिन्नीने सोडवलेला असतो आणि त्याचा पाय शाबूत असेलच असं नाही.

या गटातले सगळे क्लॅम साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, म्हणजे देशाबाहेर नेताना परवाना लागतो. क्लॅम शेतीतला आहे की समुद्रातून काढलेला, हे विक्रेत्याला विचाराच. शेतीतले क्लॅम बरेचदा छोट्या फरशीच्या किंवा सिमेंटच्या तुकड्यावर चिकटलेले येतात. तो तुकडा तसाच ठेवायचा, सोडवायचा नाही.

विकत घेताना

टाकीवरून हाताची सावली फिरवा. मँटलच्या, म्हणजे बाहेर पसरलेल्या रंगीत झालरीच्या, काठावर शेकडो बारीक डोळे असतात. ते उजेडातला फरक टिपतात आणि धडधाकट क्लॅम लगेच अंग चोरून शिंपला मिटू लागतो. सावली पडूनही जो ढिम्म राहतो, तो घेऊ नका. ही झालर शिंपल्याच्या कडेच्या पलीकडे लोंबलेली असावी. मध्ये दोन वाटा दिसतात: एक लांबट चीर, जिथून पाणी आत जातं, आणि एक धुराड्यासारखी उंच गोल नळी, जिथून ते बाहेर पडतं. चीर ताणून भोकासारखी उघडी राहिली असेल आणि आतले कल्ले सरळ दिसत असतील, तर क्लॅम त्रासात आहे. मँटलचा मधला भाग पांढरा पडलेला असेल तरीही नको.

मग शिंपल्याची वरची कड पाहा. स्वच्छ पांढरी, नाजूक पट्टी दिसली तर तो वाढतो आहे. शेवटी त्याला उलटा करून दाखवायला सांगा. बिजागरीच्या शेजारी बुडाला भोक असतं, तिथून पाय आणि बिसस धागे (पकडीचे चिवट धागे) बाहेर येतात. तिथे मांसाचा लोंबता तुकडा किंवा फाटलेली जागा दिसली तर किंमत अर्धी केली तरी सोडून द्या. ५ सेंटीमीटरहून लहान क्लॅमला प्रवासाचा ताण झेपत नाही.

क्लॅम विक्रेत्याच्या खडकाला चिकटलेला असेल तर खडकासह मागा. ते जमत नसेल तर धागे कापायचे. पातळ ब्लेड शिंपला आणि खडक यांच्यामध्ये सपाट सरकवायची, खडकाला लागून, आणि हळू पुढे-मागे न्यायची. कापलेले धागे काही दिवसांत नव्याने येतात. ओढलं तर धागे तुटत नाहीत. ज्या ग्रंथीतून ते निघतात तीच मुळातून उपटते. वरून क्लॅम दोन दिवस ठीक दिसतो, आणि आठवड्याभरात कोसळतो.

टाकीची तयारी

टाकी किमान सहा महिने जुनी असावी आणि तिच्यात कठीण प्रवाळ आधीपासून वाढत असावेत. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएम. यात आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचं: अल्कलिनिटी दिवसात अर्ध्या डीकेएचहून जास्त हलू देऊ नका. शिंपला बांधताना अल्कलिनिटी २.८ डीकेएच घटली तर कॅल्शियम साधारण २० पीपीएम घटतं. त्यामुळे घट आधी अल्कलिनिटीतच दिसते. क्लॅम आल्यावर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड तीच मोजा आणि डोसिंग (घटलेली खनिजं पाण्यात घालणं) त्याप्रमाणे वाढवा.

नायट्रेट शून्यावर आणण्याचा अट्टहास इथे नडतो. मँटलमधल्या शैवालाला नत्र लागतं आणि क्लॅम ते पाण्यातूनच शोषतो. २ ते १० पीपीएम नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ पीपीएम फॉस्फेट ठीक. ज्या टाकीत कधी तांब्याचं औषध वापरलं गेलं असेल, तिच्यात क्लॅम घालू नये.

घरी आणल्यावर

टाकीचे दिवे मंद करा. पिशवी २० मिनिटं तरंगू द्या, मग क्लॅम पिशवीतल्या पाण्यासह भांड्यात काढून हवेच्या बारीक नळीने सेकंदाला दोन ते चार थेंब टाकीचं पाणी सोडा. भांड्यातलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं, म्हणजे साधारण पाऊण ते एक तासाने, पुरे. प्रवास २४ तासांहून लांबला असेल तर मात्र इतका वेळ लावू नका. बंद पिशवीत पीएच उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा वेळी तापमान आणि खारटपणा जुळला की क्लॅम काढून घ्या. पिशवीचं पाणी कोणत्याही परिस्थितीत टाकीत ओतायचं नाही.

सोडण्यापूर्वी वेगळ्या भांड्यातल्या खाऱ्या पाण्यात मऊ टूथब्रशने शिंपल्याची बाहेरची बाजू घासा, खवल्यांच्या खाचांत विशेष. मँटलला ब्रश लागू देऊ नका. उचलताना दोन्ही शिंपल्यांना बाहेरून, बुडाकडे धरा. टाकीत पाण्याखाली गेल्यावर त्याला सावकाश डावी-उजवीकडे कलता करा, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईल.

बसवणं

वाळूवर बसवायचा असेल तर थेट वाळूत खोचू नका. क्लॅमपेक्षा थोडा मोठा चपटा खडक किंवा खडबडीत, पॉलिश नसलेली फरशी घ्या, वाळूत पुरा आणि वर सेंटीमीटरभर वाळू राहू द्या. त्यावर क्लॅम उभा ठेवून बुडाचा थोडाच भाग वाळूत जाईल इतपत भोवती वाळू सारा. पाय वाळूतून खाली जाऊन त्या फरशीला धरतो. याचे तीन फायदे. क्लॅमला पकड मिळते. बुडाचं भोक फरशीवर टेकल्याने किडे आणि गोगलगायी तिथून आत शिरू शकत नाहीत. आणि पुढे कधी हलवायचा झाला, तर फरशीसकट उचलता येतो, ब्लेड लागत नाही. फरशी घातली नाही तर तो तळाची काच धरतो, आणि मग काचेवर ब्लेड चालवण्याची पाळी येते.

खडकावर बसवताना क्लॅमच्या बुडाला साजेसा उथळ खळगा शोधा. खळगा अरुंद असला तर घात होतो: शिंपले पूर्ण उघडायला दोन्ही बाजूंना बोटभर जागा लागते, आणि उघडलेलं मँटल शिंपल्याच्या कितीतरी बाहेर पसरतं. तोंड वर, दिव्याकडे. पुढच्या काचेकडे किंचित कल दिला तर चालतो, पण आडवा करू नका. मॅक्सिमा आणि क्रोशियाचे चकाकते रंग वरून पाहिल्यावरच खुलतात, समोरून निम्मे हरवतात. टाकी उंच असेल आणि वरून पाहता येत असेल, तर क्लॅम खालच्या खडकावर ठेवणं उजेड पुरत असल्यास दोन्ही दृष्टींनी सोयीचं.

पहिले काही दिवस त्याच्या भोवती चार-पाच छोटे दगड कडं करून ठेवा. त्यांनी आधार द्यायचा, शिंपल्याला दाबायचं नाही. गोंद किंवा एपॉक्सी कधीच वापरू नका. बुडाचं भोक बंद झालं की संपलं. पकड काही तासांत येते किंवा चार-पाच दिवसही घेते. पकड आली का हे ओढून पाहू नका. टर्की बेस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) बाजूने हलकी पाण्याची फुंकर घाला. शिंपला डुलला नाही म्हणजे धरलं आहे.

क्लॅमला हलता येतं. तो शिंपले झटक्यात मिटतो, पाण्याची पिचकारी सुटते आणि त्या धक्क्याने सरकतो, प्रसंगी खडकावरून खाली पडतो. म्हणून पहिल्या रात्री उंच कड्यावर ठेवू नका. तोंडावर पडलेला क्लॅम आपला आपण सरळ होऊ शकत नाही, सकाळ-संध्याकाळ नजर ठेवा. एकाच जागेवरून दोनदा पडला तर तिसऱ्यांदा तिथे ठेवण्याचा हट्ट नको. उजेड, प्रवाह, शेजार यांतलं काहीतरी त्याला मानवत नाही. नुसता वळला असेल तर मात्र पुन्हा सरळ करू नका, तो स्वतःला उजेडाकडे लावून घेतो.

प्रवाह मध्यम, बदलता, आणि थेट अंगावर न येणारा. मँटलची कड हलकी लहरत असावी. ती वळून शिंपल्यावर उलटी चढत असेल तर पंपाचं तोंड फिरवा.

उजेड हेच मुख्य अन्न

मँटलमधलं झूझँथेली शैवाल प्रकाशावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा क्लॅमला मिळतो. डेरासा आणि स्क्वामोसाला १५० ते २५० ‘पार’ (PAR, शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो. मॅक्सिमाला २५० ते ४०० आणि क्रोशियाला ३०० च्या वर ठेवावा. मोजताना सेन्सर मँटलच्या उंचीवर, तोंड वर करून धरा. निळ्या एलईडीखाली मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, त्यापेक्षा कुणाकडून तरी पार मीटर दोन दिवस मागून आणा. मीटर मिळालाच नाही तर प्रवाळांकडे पाहा: ज्या उंचीवर ॲक्रोपोरा रंग टिकवतो, तिथे मॅक्सिमा राहतो. जिथे फक्त मशरूम प्रवाळ सुखात आहेत, तिथे नाही.

नव्या क्लॅमला पूर्ण उजेड एकदम देऊ नका. आणि इथेच बहुतेक जण चुकतात: आधी तळाशी, मग मधे, मग वर अशा पायऱ्या चढवत नेतात आणि दर वेळी त्याची पकड मोडतात. क्लॅम पहिल्या दिवशी कायमच्या जागी बसवा आणि दिवा कमी करा. ५० ते ६० टक्क्यांवरून सुरुवात, मग दर आठवड्याला ८ ते १० टक्के वाढ. पाच-सहा आठवड्यांत नेहमीच्या पातळीवर या. टाकीतल्या प्रवाळांना तेवढा काळ थोडा कमी उजेड सोसतो. दिवसाला ८ ते १० तास.

उजेड कमी पडला तर मँटल नेहमीपेक्षा जास्त ताणून पसरतं आणि आठवडे जातील तसा रंग तपकिरी होत जातो. यात दुरुस्तीला वेळ असतो. उजेड एकदम जास्त झाला तर मँटल आखडतं, मधून पांढरं होऊ लागतं. तेव्हा त्याच दिवशी दिवा २०-३० टक्के खाली आणा.

खाणं

मासे असलेल्या टाकीत वेगळं काही द्यावं लागत नाही. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया आणि पाण्यातले बारीक कण त्याला पुरतात. क्लॅम लहान असेल किंवा टाकीत मासे मोजकेच असतील, तर जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यातलं सूक्ष्म शैवाल) आठवड्यातून दोन-तीनदा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) तासभर बंद करून, पाण्यात सगळीकडे सोडा. पिपेटने थेट चिरेत ओतू नका. तो दचकून मिटतो आणि नको असलेला घास झटक्याने बाहेर फेकतो. कमी उजेडाची भरपाई फायटोने होत नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असलं तरी.

शेजारी

ट्रिगर, पफर आणि बटरफ्लाय मासे क्लॅमसोबत नकोत. सेंट्रोपायजी गटातले बुटके एंजेलफिश जुगार आहेत: वर्षभर बघतही नाहीत आणि एक दिवस मँटल टोचायला लागतात. कॅमल श्रिंपही टाळा. क्लीनर श्रिंप मँटलवरून चालत गेला तर क्लॅम मिटतो, पण थोड्या दिवसांत सरावतो. आयप्टेशिया (उपद्रवी ॲनिमोन) आणि गॅलॅक्सिया, युफिलिया ही प्रवाळं यांच्या डंख मारणाऱ्या सोंडा रात्री लांबतात. त्यांच्यापासून किमान १५ सेंटीमीटर अंतर ठेवा. आयप्टेशिया शिंपल्यावरच उगवलं असेल तर क्लॅम टाकीत सोडण्यापूर्वी खरवडून काढा.

काय बिघडतं

सगळ्यांत सामान्य शत्रू पिरॅमिडेलिड गोगलगाय: तांदळाच्या कणीएवढी, पांढरी, २ ते ४ मिलिमीटर. दिवसा बुडाशी किंवा वाळूत लपते, रात्री शिंपल्याच्या वरच्या कडेला येऊन मँटलमधला रस शोषते. दिवे गेल्यावर दोन तासांनी टॉर्चने पाहा. दिसल्या तर क्लॅम फरशीसकट बाहेर काढून घासा आणि शिंपल्यावरचे जेलीसारखे पारदर्शक अंड्यांचे ठिपकेही खरवडा. एकदा घासून भागत नाही, नवी पिल्लं निघतात. दर दोन-तीन रात्रींनी, किमान सहा आठवडे. सिक्सलाइन किंवा पिवळा हॅलिकोरेस रास मासा टाकीत असला तर हातभार लागतो.

मँटलची कड दोऱ्याने चुण्या घातल्यासारखी आत ओढली गेली आणि पूर्ण पसरत नसेल, तर तो ‘पिंच्ड मँटल’. तो एका क्लॅमकडून दुसऱ्याकडे जातो. यावर छंदातला रुळलेला उपाय गोड्या पाण्याचं स्नान. आरओ पाण्याचं तापमान टाकीइतकं करा, चिमूट-चिमूट खायचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास आणा, हवेचा दगड (बारीक बुडबुडे सोडणारा) लावा आणि क्लॅम २५ ते ३० मिनिटं बुडवून ठेवा. टाकीतल्या सगळ्या क्लॅमना एकाच दिवशी स्नान द्या, नाहीतर आजार फिरत राहतो. आधीच गळून गेलेल्या क्लॅमला मात्र हे सोसत नाही.

मँटलमध्ये बुडबुडे दिसले तर रिटर्न पंप (टाकीत पाणी परत ढकलणारा) कुठून हवा ओढतो आहे ते शोधा. दिवसभर नुसतं मिटून राहणं हा आजार नव्हे; आधी पाहा की कुणी टोचत आहे का, वाळूचे कण अंगावर पडतात का, प्रवाह बदलला आहे का. तीन दिवसांत उघडला नाही तर अल्कलिनिटी आणि खारटपणा मोजा.

मोठा क्लॅम कधी पांढरा धूर सोडल्यासारखं बीज सोडतो आणि तासाभरात टाकी दुधाळ होते. स्किमर उतू जायला लागला तर कप काढा, ताजा कार्बन (पाणी गाळणारा सक्रिय कोळसा) लावा, हवा वाढवा आणि २० ते ३० टक्के पाणी बदला. क्लॅम थकलेला दिसतो, पण तो मेलेला नसतो.

मेलेला क्लॅम ओळखायला नाकच लागतं. शिंपले सताड उघडे, स्पर्शाला हालचाल नाही, मँटल शिंपल्यापासून सुटलेलं, आणि पाण्याबाहेर काढताच कुजका वास. संशय असला तरी तासभर वेगळ्या भांड्यात ठेवून पाहा, टाकीत वाट पाहू नका. १० सेंटीमीटरच्या क्लॅममध्ये एवढं मांस असतं की लहान टाकीत एका रात्रीत अमोनिया चढतो. काढल्यावर अमोनिया तपासा, कार्बन बदला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.